ट्रॅव्हल ट्रेलर आणि उंदीर : ऑक्टोबर ते मे, सात महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आम्ही मिशिगनमध्ये लान्सिंगजवळ राहतो आणि आमच्याकडे चोवीस फुटी ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायचे फिरते घर, आहे. उन्हाळ्यात त्यातून स्लीपिंग बेअर ड्यून्सपासून वर मॅकिनॉपर्यंत हिंडणे होते. ऑक्टोबरच्या अखेरीस मात्र पाणी गोठून नळ फुटू नयेत म्हणून त्यांत गुलाबी अँटीफ्रीझ भरून तो शेतालगतच्या खडीच्या आवारात उभा करावा लागतो आणि मेपर्यंत तो तेथेच असतो. नेमक्या त्याच सुमारास आजूबाजूच्या शेतांतला मका आणि सोयाबीन कापून होतो, आणि उघड्या पडलेल्या रानातले उंदीर उबेच्या शोधात निघतात. त्यांना आपल्या ट्रेलरइतकी सोयीची जागा दुसरी कोणती मिळणार?

मागच्या वसंत ऋतूत ट्रेलर उघडला तेव्हा शेगडीखालच्या खणातल्या टॉवेलांचा अक्षरशः कापूस झालेला होता. सोफ्याच्या गादीतला फोम पोखरून त्याचे पिवळे गोळे फर्नेसच्या, म्हणजे आतली हवा तापवणाऱ्या गॅसच्या भट्टीच्या, नळीत नेऊन ठेवले होते. फर्नेस सुरू करताच मुताचा असा दर्प सुटला की आम्ही थंडीतही दारे-खिडक्या उघडून बाहेर उभे राहिलो. दिव्यांच्या दोन वायरी कुरतडलेल्या होत्या आणि दुरुस्तीला सव्वाआठशे डॉलर गेले. म्हणून या वर्षी एकेक उपाय ठरवून केला, तारखांसह वहीत नोंदवला, आणि त्यातले काय टिकले ते येथे लिहीत आहे.

सर्वांत महत्त्वाचे आधी सांगते : भोके बुजवणे हाच खरा उपाय आहे आणि बाकी सगळे त्याला पूरक आहे. सहा मिलिमीटरचे, म्हणजे पेन्सिल जाईल एवढे भोक उंदराला पुरते, आणि ट्रेलरमध्ये अशी भोके कारखान्यातूनच आलेली असतात. पाण्याचा किंवा गॅसचा पाइप जमिनीतून वर येतो तेथे पाइपच्या दीडपट मोठे छिद्र पाडलेले असते, आणि ते कपाटामागे असल्यामुळे कोणाच्या नजरेस पडत नाही. आम्ही सगळे खण बाहेर काढले, सिंकखालची फळी उचलली, विजेच्या कन्व्हर्टरमागे आरसा धरून पाहिले. एका रात्री माझे पती आत प्रखर दिवा घेऊन एकेका कोपऱ्यात बसले आणि मी ताडपत्री अंथरून ट्रेलरखाली आडवी झाले. ज्या ज्या फटीतून उजेड दिसला तेथे खडूने खूण केली. अशा अकरा खुणा झाल्या. मात्र ट्रेलरचे पोट प्लास्टिकच्या पन्हळी पत्र्याने झाकलेले असते, त्यामागची भोके उजेडाने कळत नाहीत. त्या पत्र्याच्या कडा आणि सांडपाण्याच्या टाकीचा पाइप त्यातून बाहेर येतो ती जागा बोटांनी चाचपूनच पाहावी लागते.

बुजवण्यासाठी आदल्या वर्षी आम्ही भांडी घासायच्या तारेसारखे स्टील वूल वापरले होते. ते ओलाव्याने गंजून हाताला लागताच भुगा झाले. नुसता फवारायचा फोमही उंदीर सहज कुरतडतात. या वर्षी तांब्याच्या तारेची विणलेली जाळी घेतली, ती स्क्रूड्रायव्हरने घट्ट ठासली आणि ती सरकू नये एवढ्यापुरताच वरून फोम मारला. मोठ्या फटींवर पाव इंची छिद्रांची लोखंडी जाळी कापून स्क्रूने बसवली. सात महिन्यांनंतर तांब्याची जाळी काळपट पडली आहे, पण एकाही ठिकाणी तिला दात लागलेले नाहीत. विजेच्या उघड्या जोडांजवळ मात्र धातूची जाळी घालू नये. गॅस सिलिंडरच्या कप्प्याची आणि गळती झाल्यास गॅस बाहेर जावा म्हणून ठेवलेली छिद्रेही कधीच बंद करू नयेत. फर्नेसच्या धुराच्या तोंडावर आम्ही फक्त हिवाळ्यापुरती जाळी लावली आणि ती काढल्याशिवाय फर्नेस चालू होऊ नये म्हणून थर्मोस्टॅटला लाल फीत बांधून ठेवली. ही फीत कृपया कोणीही टाळू नये, कारण तोंड बंद असलेली फर्नेस पेटवणे म्हणजे आत विषारी वायू कोंडणे आहे.

एवढे करूनही नोव्हेंबरमध्ये चार आणि डिसेंबरमध्ये दोन उंदीर आतल्या सापळ्यांत सापडले. कुठून येतात ते कळेना. शेवटी घरातली पांढरी रांगोळी आठवली. ती चाळणीने जमिनीवर, भिंतींच्या कडेने, अगदी पातळ पसरली आणि तीन आठवड्यांनी येऊन पाहिले. मधल्या मोकळ्या जागेत एकही ठसा नव्हता, पण स्लाइड-आउटच्या (बटण दाबल्यावर भिंतीतून बाहेर सरकणाऱ्या भागाच्या) मागच्या खालच्या कोपऱ्यापासून सोफ्यापर्यंत तिळाएवढ्या पावलांची रांग उठली होती आणि दोन पावलांच्या मधून शेपटीची बारीक रेघ गेली होती. तेथे रबरी पट्टी कोपऱ्यात दुमडून बोटभर फट राहिली होती, आणि दिव्याच्या तपासणीत ती सोफ्याच्या आड गेली होती. फोमच्या ठोकळ्याला तांब्याची जाळी गुंडाळून तो तेथे दाबून बसवला. स्लाइड-आउट हलवण्यापूर्वी तो काढावा लागतो, म्हणून बटणावर चिठ्ठी चिकटवली. जानेवारीच्या मध्यापासून मेपर्यंत आत एकही उंदीर सापडला नाही.

सापळे आम्ही साधे, लाकडी फळीवरचे वापरतो. पीनट बटर लावले तर उंदीर ते चाटून निघून जातो, असे दोनदा झाले. मग सुक्या खोबऱ्याचा नखाएवढा तुकडा दोऱ्याने बांधून ठेवला. तो ओढावाच लागतो, त्यामुळे सापळा हमखास मिटतो. उंदीर भिंतीला धरून चालतो, म्हणून सापळा भिंतीशी काटकोनात आणि आमिषाचे टोक भिंतीकडे ठेवावे. विष आम्ही ठेवले नाही. विष खाल्लेला उंदीर भिंतीच्या पोकळीत मरून कुजला तर तो काढता येत नाही, आणि बाहेर मेला तर त्याला खाणारी घुबडे आणि ससाणे दगावतात.

अल्ट्रासॉनिक आवाज करणारी दोन यंत्रे दोन महिने बॅटरीवर चालवली. उंदीर त्यांच्यापासून हातभर अंतरावर सापळ्यात सापडला. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2001 मध्येच अशी यंत्रे बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या साठाहून अधिक कंपन्यांना दाव्यांसाठी शास्त्रीय पुरावा हवा, असे बजावले होते, हे मला नंतर कळले. पेपरमिंटच्या पुड्यांचा वास दोन-तीन आठवडे छान येतो, पुढे काही उरत नाही. डांबरगोळ्यांचा सल्ला पुष्कळ जण देतात, पण त्यांचा वास गादीतून महिनोन्‌महिने जात नाही, त्यांची वाफ माणसाला अपायकारक आहे, आणि लेबलावर लिहिलेल्या उपयोगाखेरीज त्या वापरणे अमेरिकेत बेकायदेशीर आहे. कोरडे अन्न, साबण, मेणबत्त्या हे सगळे घरी आणावे, हा उपाय फुकटचा आहे आणि त्याचा फरक दिसतो. आदल्या वर्षी विसरलेल्या चिवड्याच्या डब्याचे झाकण कडेकडेने कुरतडलेले होते.

आता साफसफाईबद्दल, कारण हा भाग नुसत्या सोयीचा नाही. पोट पांढरे, डोळे मोठे आणि शेपटी वर काळी, खाली पांढरी असलेला उंदीर दिसला तर तो घरचा नसून रानातला डिअर माऊस किंवा त्याचाच जातभाई असतो, आणि डिअर माऊसच्या लेंड्या-मुतातून हंटाव्हायरस पसरू शकतो. श्वसनाची लक्षणे उमटलेल्या रुग्णांपैकी सुमारे 38 टक्के दगावू शकतात, असे सीडीसी ही अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सांगते. मिशिगनमधला या आजाराचा पहिला रुग्ण 2021 मध्ये वॉश्टेनॉ काउंटीत आढळला, आणि त्या महिलेला संसर्ग बहुधा उंदीर माजलेल्या रिकाम्या घराची सफाई करताना झाला होता. म्हणून लेंड्या कधीही झाडू नयेत, व्हॅक्यूमही लावू नये. दारे-खिडक्या उघडून अर्धा तास बाहेर थांबावे, हातमोजे घालावेत, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी हे मिश्रण ओतून लेंड्या पाच मिनिटे भिजू द्याव्यात आणि मग कागदाने पुसून त्या पिशवीत बांधून टाकाव्यात. आदल्या वर्षी हे ठाऊक नसल्याने मी मुलांसमोर झाडू मारला होता, आणि पुढचे दोन महिने कोणाला साधा ताप आला तरी माझ्या पोटात धस्स होत असे.

जाळी, फोम, सापळे मिळून सुमारे 90 डॉलर खर्च झाला आणि तीन शनिवार गेले. निरुपयोगी ठरलेल्या यंत्रांचे 45 डॉलर वेगळे. मे महिन्यात ट्रेलर उघडला तेव्हा रांगोळी जशीच्या तशी होती. लाल फीत सोडली, धुराच्या तोंडावरची जाळी काढली आणि फर्नेस लावली, तर फक्त जळक्या धुळीचा वास आला. पोटाच्या पत्र्याला चाकाजवळ मात्र नवी फट पडली आहे. खडे उडून ती झाली असावी. तेथे जूनच्या सहलीआधी जाळी बसवायची आहे.