पफर मासा आजारी असेल तर आधी इथे टँकचं पाणी घेऊन जा (बडोदा)

दांडिया बाजारजवळचं छोटं पाळीव माशांचं दुकान, मनापासून पाच स्टार. आमचा पी पफर, केरळातला तो वाटाण्याएवढा मासा, खात होता तरी पोट आत गेलेलं आणि शी पांढरी, दोऱ्यासारखी लोंबत होती. दुकानातल्या काकांनी औषध काढायच्या आधी टँकचं पाणी मागितलं, माशांना विषारी असलेले अमोनिया नायट्राइट दोन्ही 0 आले, म्हणजे पाणी ठीक, मग व्हिडिओ नीट बघून म्हणाले पोटात जंत असणार, नदीतून पकडून आणलेल्या पफरना बऱ्याचदा होतात. लेव्हामिसोल हे जंतांचं औषध दिलं, वेगळ्या टँकमध्ये टाकायचं, आणि कॉपरवालं औषध अजिबात नको, याला खवले नसतात म्हणून ते सोसत नाही. दुसरीकडे न बघताच औषधाची निळी बाटली हातात टेकवतात, राग येतो हो! आता पोट भरलंय, गोगलगाय दिसली की एकेक डोळा वेगळा फिरवत मागे लागतो. पार्किंगची मात्र बोंब आहे.