गंजाचं रिकॉल आलंय: जुनी सीआर-व्ही दुरुस्त करून ठेवायची, कंपनीला परत द्यायची, की विकून टाकायची?

मार्च २०२३मध्ये होंडाने अमेरिकेत २००७ ते २०११ या मॉडेल-वर्षांच्या सुमारे ५ लाख ६४ हजार सीआर-व्ही गाड्यांसाठी रिकॉल जाहीर केलं, म्हणजे दोष फुकट दुरुस्त करून देण्यासाठी त्या परत बोलावल्या. कारण एकच, मागच्या चौकटीला लागणारा गंज. मिशिगन, ओहायो, इलिनॉय, न्यू यॉर्क, न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, मॅसॅच्युसेट्स अशा २२ राज्यांत आणि वॉशिंग्टन डीसीत विकल्या गेलेल्या किंवा नोंदणी झालेल्या गाड्या त्यात येतात. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकणारा हा सगळा पट्टा. याच पट्ट्यात आपली मराठी घरंही खूप आहेत, आणि ही गाडी त्या घरांत फार लाडकी. नवीन आलेल्या जोडप्याची पहिली गाडी, मग मुलं मोठी झाल्यावर स्टेशनपुरती दुसरी गाडी, मग कॉलेजला जाणाऱ्या लेकीची गाडी. इंजिन दमतच नाही, म्हणून गाडी घरातून जात नाही. त्यामुळेच हा निर्णय अवघड होतो.

पर्याय तपासण्याआधी नेमकं काय होतं ते समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चेसिस नसते. पत्र्याच्या पोकळ पेट्या जोडून तिचा सांगाडा बनतो. बर्फ वितळल्यावर रस्त्यावर मिठाचा चिखल होतो, तो भोकांतून मागच्या पेटीत शिरतो आणि आतच बसतो. मीठ ओल धरून ठेवतं, म्हणजे रस्ता वाळला तरी पेटीच्या आत पावसाळाच चालू असतो. पत्रा आतून झिजतो. मागच्या चाकाला धरून ठेवणारा हात, म्हणजे ट्रेलिंग आर्म, याच पेटीला बोल्टने आवळलेला असतो. पत्राच गेला की बोल्ट कशाला धरणार? आर्म सुटला तर मागचं चाक जागेवरून सरकतं आणि गाडी हातात राहत नाही.

मी वाढलो रत्नागिरीत. खाऱ्या वाऱ्याने खिडकीच्या गजांना पोपडे धरायचे, ते नखाने उचकटायचा आम्हाला नादच होता. पण तिथला गंज बाहेरून आत जातो, डोळ्यांना दिसतो. इथला आतून बाहेर येतो. काही वर्षांपूर्वी माझी एक जुनी गाडी, ती वेगळ्या कंपनीची, गॅरेजमध्ये लिफ्टवर चढवली होती. वरून चकचकीत. मेकॅनिकने हातोडीच्या दांड्याने चौकटीवर ठोकत ठोकत मागे जायला सुरुवात केली. पुढे खणखणीत आवाज येत होता. मागच्या चाकापाशी पोचल्यावर तो बद्द झाला, ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा. मग त्याने स्क्रूड्रायव्हर टेकवून नुसता दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला. त्या गाडीतून आदल्याच आठवड्यात मी मुलांना घेऊन हायवेने दोनशे मैल जाऊन आलो होतो. तेव्हापासून गंजाच्या बाबतीत "बघू पुढच्या महिन्यात" हे वाक्य मी माझ्या घरात ऐकून घेत नाही.

रिकॉलमध्ये डीलर आधी चौकट तपासतो. ठीक असेल तर आधाराची ब्रेस बसवतो, थोडं खाल्लेलं असेल तर दुरुस्ती करतो, आणि दुरुस्तीच्या पलीकडे गेलं असेल तर कंपनी गाडी विकत घेण्याचा प्रस्ताव देते. तुम्हाला पैसे पडत नाहीत. तेव्हा खरे पर्याय तीन: ब्रेस लावून गाडी ठेवणं, प्रस्ताव आला तर परत देणं, किंवा विकून मोकळं होणं. चौथा म्हणजे पत्र ड्रॉवरमध्ये टाकून देणं. तो मी मोजत नाही.

ब्रेस लावून ठेवायची तर

पैशाचा विचार केला तर यासारखं काही नाही. आजच्या भावात दुसरी धड गाडी घ्यायला जे मोजावं लागतं, त्याच्या मानाने फुकट ब्रेस म्हणजे घरची गाडी आणखी काही वर्षं. गाडी रोज वीस-पंचवीस मैल, गावातल्या गावात फिरत असेल आणि तपासणीत चौकट घट्ट निघाली असेल, तर मी हेच करीन.

पण ब्रेस ही एका जागेची दुरुस्ती आहे. ज्या मिठाने मागची पेटी खाल्ली, तेच मीठ ब्रेकच्या नळ्यांवर, पुढच्या सबफ्रेमवर, म्हणजे इंजिनखालच्या चौकटीवर, आणि इंधनाच्या नळीवरही पंधरा हिवाळे बसलेलं असतं. रिकॉलवाला माणूस ते बघायला बांधील नाही. म्हणून ब्रेस लागली की त्याच आठवड्यात आपल्या भरवशाच्या मेकॅनिककडून गाडी लिफ्टवर घेऊन सगळा तळ तपासून घ्या. ब्रेकच्या नळ्यांवर फोड आले असतील, तर तो खर्च धरूनच गाडी ठेवायची की नाही हे ठरवा.

आणखी एक. बरेच जण घाईने खालून जाड रबरी अंडरकोटिंग मारून घेतात. गंज धरलेल्या पत्र्यावर ते मारलं तर ओल आत कोंडते, वरून काळंभोर दिसतं आणि आत काम चालूच राहतं. त्यापेक्षा दर शरद ऋतूत तेलकट फवारा पोकळ पेट्यांच्या आतपर्यंत मारून घेणं चांगलं. शिवाय हिवाळ्यात पारा शून्याच्या वर गेला की गाडी खालून धुऊन घ्यायची.

परत द्यायची तर

हा प्रस्ताव मागून मिळत नाही. चौकट दुरुस्त होण्यापलीकडे गेली असेल तरच येतो. आला तर माझं मत स्पष्ट आहे: घ्या. डीलरनेच चौकट गेली म्हणून सांगितलेली गाडी वेल्डिंग करून चालवणारी माणसं मला माहीत आहेत. पातळ झालेल्या पत्र्यावर वेल्डिंग धरत नाही, आणि धरलं तरी त्याच्या शेजारचा पत्रा पहिल्याइतकाच पातळ असतो.

रकमेवरून मात्र मान डोलवायची घाई नको. आकडा कागदावर मागा. मग वापरलेल्या गाड्यांच्या किमती सांगणाऱ्या केली ब्लू बुकमध्ये तुमचे मैल आणि मॉडेल टाकून खाजगी विक्रीची किंमत काढा आणि दोन्ही शेजारी ठेवा. नुकतेच टायर किंवा टायमिंगचं काम केलं असेल तर पावत्या दाखवा. चेक हातात येईपर्यंत टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, सही करून देऊ नका, आणि तोवर विमाही बंद करू नका.

आधीच्या प्रकरणांत काय झालं हे माहीत असेल तर बोलताना आधार मिळतो. टोयोटाने २००८मध्ये १९९५ ते २००० सालच्या टॅकोमा ट्रकसाठी, चौकट फार गंजली असेल तर ब्लू बुकच्या किमतीच्या दीडपट देऊन गाड्या परत घेतल्या. म्हणजे जुन्या गंजक्या गाडीलाही मोठी कंपनी बाजारभावापेक्षा जास्त पैसे देऊ शकते. फोर्डने २०१०मध्ये १९९८ ते २००३ सालच्या विंडस्टार व्हॅनचं मागच्या अॅक्सलसाठी रिकॉल केलं, तेव्हा अॅक्सल शाबूत असेल तर आधाराचे ब्रॅकेट आणि तडा गेला असेल तर नवा अॅक्सल, असा उपाय होता. होंडाची पद्धत या दोन्हींच्या मधली.

टॅकोमाचं प्रकरण आणखी एका गोष्टीसाठी लक्षात ठेवा. ते कायद्याच्या अर्थाने रिकॉल नव्हतं, कंपनीने आपणहून दिलेली सवलत होती. नंतरच्या टॅकोमा, टंड्रा आणि सेक्वॉया गाड्यांबाबत २०१६मध्ये कोर्टात तडजोड झाली. तिच्यात चौकटीला १० मिलिमीटर किंवा त्याहून मोठं भोक पडलेलं असेल तर नवी चौकट, असा निकष होता, आणि मुदतही ठरलेली होती. ९ मिलिमीटरवाल्याने काय करायचं? थांबायचं. अशा सवलतींना तारीख असते, निकष असतो आणि तारीख गेली की दार बंद. सुरक्षा रिकॉल गाडीच्या क्रमांकाला चिकटलेलं असतं. तुम्ही तिसरे मालक असलात आणि पत्र पहिल्या मालकाच्या जुन्या पत्त्यावर गेलेलं असलं, तरी हक्क तुमचाच. म्हणून हातातल्या कागदावर 'सेफ्टी रिकॉल' लिहिलंय की दुसरं काही, हे सगळ्यात आधी वाचा.

वयाबद्दलही घाबरू नका. अमेरिकी कायद्याप्रमाणे फुकट दुरुस्तीचं बंधन पहिल्या विक्रीपासून १५ वर्षांपर्यंत आहे, २०१५पर्यंत ते १० वर्षंच होतं. २००७ची मॉडेल्स २०२३मध्ये ती मर्यादा ओलांडून गेली होती, तरी होंडाने ती रिकॉलमध्ये घेतली. भारतात २०२१पासून लागू झालेल्या नियमांत सात वर्षांपर्यंतच्याच गाड्या येतात. त्यामुळे रत्नागिरीतल्या माझ्या भावाला त्याच्या जुन्या गाडीसाठी असा आधार नाही. इथे आहे तर तो वापरावा.

विकायची तर

इथे माझं मन सगळ्यात जास्त अडतं. अमेरिकेत नवीन गाडी रिकॉलचं काम केल्याशिवाय विकता येत नाही, आणि मोठ्या भाड्याच्या कंपन्यांना तशी गाडी भाड्यानेही देता येत नाही. वापरलेल्या गाडीला मात्र संघीय कायद्याची तशी आडकाठी नाही. डीलर विकू शकतो, तुम्हीही विकू शकता. आणि अशी स्वस्तातली, "घरगुती वापराची" सीआर-व्ही घेणारं गिऱ्हाईक कोण असतं? ऑगस्टमध्ये दोन बॅगा घेऊन उतरलेला, पुण्या-नाशिकचा एमएसचा विद्यार्थी. त्याला रिकॉल म्हणजे काय ते ठाऊक नसतं, मिठाचा चिखल त्याने पाहिलेला नसतो, आणि तो आपल्या शब्दावर विश्वास ठेवतो, कारण आपण मराठी बोलतो.

म्हणून विकायचीच असेल तर आधी रिकॉलचं काम करून घ्या. नुसतं चांगुलपणा म्हणून नव्हे, त्यात फायदाही आहे. काम झाल्याची पावती आणि तपासणीचा कागद हातात असेल तर भाव घासाघीस न करता टिकतो. आणि तपासणीत चौकट गेलेली निघाली तर खाजगी गिऱ्हाइकापेक्षा कंपनीचा प्रस्ताव बहुधा जास्त चांगला असेल. दोन्ही बाजूंनी, आधी तपासणी. दुसरी गाडी घेताना जुनी डीलरकडे ट्रेड-इनला दिलीत तर त्रास कमी, पण एवढ्या जुन्या गाडीला तो किरकोळ रक्कमच टेकवतो.

घेणाऱ्याच्या बाजूने असाल तर गाडी बघायला जाण्याआधी काचेखाली ड्रायव्हरच्या बाजूला दिसणारा १७ अक्षर-अंकांचा व्हीआयएन मागा आणि राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या संकेतस्थळावर टाका. तिथे फक्त न झालेली रिकॉल दिसतात. काही दिसलं नाही तर काम झालेलं असेल किंवा गाडी यादीतच नसेल, दोन्ही शक्य आहे. तेव्हा पावती मागाच.

राज्याराज्यातला फरकही इथे पैशात मोजता येतो. पेनसिल्व्हेनिया आणि मॅसॅच्युसेट्समध्ये दरवर्षी गाडी तपासतात आणि चौकट सडलेली असेल तर नापास करतात. न्यू जर्सीत २०१०पासून खाजगी गाड्यांची यांत्रिक तपासणी बंद आहे, फक्त धुराची होते. मिशिगनमध्ये तर ठरावीक तपासणीच नाही. न्यू जर्सीतल्या एडिसनमधली किंवा मिशिगनमधल्या नोव्हायमधली गाडी वर्षानुवर्षं कुणी खालून पाहिलेलीच नसते. त्या राज्यांतली गाडी घेताना लिफ्टवर चढवून पाहण्याचे पैसे वाचवू नका. मालक लिफ्टला नाही म्हणाला तर गाडीला नाही म्हणा.

माझ्यापुरतं ठरलंय. चौकट घट्ट आणि नळ्या ठीक असतील तर ब्रेस लावून ठेवा, पण ती गावातली गाडी म्हणून. नायगाराला आणि शिकागोला दुसरी न्या. कॉलेजला जाणाऱ्या मुलीला मी ती देणार नाही, कारण रात्री हायवेवर तीच असणार. चौकट गेली असेल तर कंपनीला द्या. विकण्याचा विचार फक्त पहिल्या रस्त्याने गेल्यावर.

डीलरला फोन करताना तीन गोष्टी विचारा: ब्रेस त्यांच्याकडे शिल्लक आहे का, तपासणी त्याच दिवशी होईल का, आणि गाडी ठेवून घ्यावी लागली तर बदली गाडी मिळेल का. कागदावर तपासणीचा निकाल लिहून मागा. आणि निघण्याआधी डिकी रिकामी करा. टोलचा ईझी-पास, मुलाची कार सीट, डॅशबोर्डवरचा गणपती घरी काढून ठेवा, कारण चौकट गेलेली निघाली तर ते तुम्हाला गाडी चालवत परत नेऊ नका म्हणतील, आणि तुम्हीही नेऊ नका.