शिकवणाऱ्या सर्जनकडे हात दाखवला, त्याचा अनुभव

काचेचा ग्लास धुताना फुटला आणि डाव्या हाताची अनामिका कापली. पहिल्या ठिकाणी टाके घालून मला घरी पाठवलं. टोक वाकतं का, हे कुणी पाहिलंच नाही. मी शिवणकाम करते. मशीनवर कापड डाव्या हातानेच सरकवायचं असतं. म्हणून आठव्या दिवशी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात हाताच्या ओपीडीत गेले.

मॅडम ऑर्थोपेडिक्सच्या प्राध्यापक, काम फक्त हाताचं. त्यांनी बोटाचं मधलं पेर धरून ठेवलं आणि म्हणाल्या, "आता टोक वाकवा." वाकलं नाही. आपण 'नस तुटली' म्हणतो, ती खरं तर कंडरा असते, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, हे तेव्हा कळलं.

ऑपरेशन जागेपणीच झालं, भूल फक्त हातापुरती. सोबत शिकणारे डॉक्टर होते, त्यामुळे मॅडम प्रत्येक गोष्ट कारणासकट मोठ्याने सांगत होत्या आणि मलाही सगळं ऐकू येत होतं. तळव्याच्या घडीपासून मधल्या पेरापर्यंत दोन कंडरा एकाच अरुंद बोगद्यातून जातात. तिथे शिवलेली कंडरा चिकटून बसायची, म्हणून जुने सर्जन त्या भागाला 'नो मॅन्स लँड' म्हणत. तिथेही लगेच शिवून चांगला हात मिळतो, हे अमेरिकेतले हाताचे सर्जन क्लायनर्ट यांनी 1967 मध्ये मांडलं.

टाके झाल्यावर मला म्हणाल्या, "हळूच मूठ वळा." वळताना आत कुठेतरी अडलं. त्यांनी बोगद्याची कड थोडी मोकळी केली. पुन्हा वळवली, या वेळी अलगद गेली. "पूर्ण भुलीत हे दिसलं नसतं," त्या मुलांना म्हणाल्या. ते वाक्य मी विसरणार नाही.

त्रास एकच. ओपीडीत फार वेळ जातो आणि तेच बोट तीन-तीन निवासी डॉक्टर तपासतात. ज्यांना ते नको असेल त्यांनी आधीच सांगावं.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी व्यायाम सुरू झाले. स्प्लिंट, म्हणजे हाताला बांधायचा कडक आधार, सहा आठवडे, रात्रीसुद्धा. तीन महिने जड उचलायचं नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत शिवण सगळ्यात कच्ची असते, हे थेरपिस्ट ताईंनी इतक्या वेळा बजावलं की मी पिशवीलाही हात लावला नाही.

आज चौदावा आठवडा. टोक तळव्याला टेकायला बोटभर अंतर उरलंय, पण काल पहिल्यांदा ब्लाउजची बाही सरळ शिवली.