स्वतःची व्हीलचेअर, तिथली भाड्याची की बॅटरीवाली? थोडंफार चालता येणाऱ्यांसाठी परदेशप्रवासाचा हिशोब

जो कायम व्हीलचेअरवर असतो, त्याला खुर्ची सोबत न्यायची की नाही हा प्रश्न पडत नाही. पेच मधल्या माणसांचा असतो. खोलीत वावरता येतं, दोन-चार पायऱ्याही जमतात, पण संग्रहालयाच्या तिसऱ्या दालनात पाय साथ सोडतात. संधिवात, मल्टिपल स्क्लेरोसिस, पोलिओचे उशिरा दिसणारे परिणाम, हृदयाचा किंवा फुप्फुसांचा आजार, कारणं कितीही असोत, पॅकिंगच्या वेळचा वाद तोच.

एक गोष्ट आधीच हिशोबात धरा. घरी अधूनमधून खुर्ची लागत असेल, तर प्रवासात ती जवळजवळ रोज लागेल. परक्या शहरात चालणं जास्त, झोप कमी, आणि ‘आज घरीच पडून राहू’ म्हणायची सोय जवळपास नाही.

विमानतळावरची मदत

हा वेगळा पर्याय नाही. पुढे काहीही निवडलंत तरी ही मदत मागायचीच. युरोपीय संघाच्या २००६ च्या नियमानुसार ती मोफत असते, मात्र निदान ४८ तास आधी कळवावं लागतं. अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने ती विमान कंपनीची जबाबदारी आहे.

बुकिंगमध्ये तुमच्या नावापुढे एक कोड पडतो. डब्ल्यूसीएचआर म्हणजे लांब चालता येत नाही, पण जिना चढता येतो. डब्ल्यूसीएचएस म्हणजे जिनाही जमत नाही, फक्त विमानाच्या आत आपल्या सीटपर्यंत जाता येतं. डब्ल्यूसीएचसी म्हणजे सीटपर्यंतही उचलून न्यावं लागतं. फोनवर ‘जिना चढता येतो का?’ असं विचारलं की बरेच जण भिडेखातर ‘हो, हळूहळू’ म्हणतात आणि पहिला कोड मिळतो. मग विमान दूर उभं असलं की बसमधून नेऊन शिडीच्या पायथ्याशी सोडतात. दुसरा कोड असेल तर उचलणारी गाडी येते. उत्तर देताना वाईट दिवस डोळ्यांपुढे ठेवा.

या खुर्च्या बहुधा लहान चाकांच्या, दुसऱ्यानेच ढकलायच्या असतात. गेटजवळ नेऊन ठेवलं की बाथरूमला जायलाही कुणाला तरी शोधायचं. आणि टर्मिनलच्या दारात हे सगळं संपतं. शहर तिथूनच तर सुरू होतं!

स्वतःची हाताने चालवायची खुर्ची

माझा कौल बहुतेकांसाठी हिलाच. साधी स्टीलची घडीची खुर्ची १७-२० किलोंची असते, हलकी ॲल्युमिनियमची १२-१४ किलोंच्या आसपास. प्रवासासाठी ही ॲल्युमिनियमचीच घ्यावी. त्याहून हलकी, चारही चाकं लहान असलेली ‘ट्रान्झिट’ खुर्ची मिळते आणि दुकानदार तीच पुढे करतात. सोबतचा माणूस सतत हाताशी असेल तर ठीक आहे. पण ती स्वतःला चालवता येत नाही. साथीदार तिकिटाच्या रांगेत गेला की त्याने जिथे, ज्या दिशेला तोंड करून ठेवलं तिथेच तुम्ही, बऱ्याचदा भिंतीकडे बघत. चार किलो वाचवण्यासाठी एवढी किंमत मोजू नये.

विमानात ही खुर्ची सामानाच्या वजनात धरत नाहीत. युरोपीय नियमात अशी दोन साधनं मोफत नेता येतात, म्हणजे खुर्ची आणि वॉकर दोन्ही. चेक-इनला ती ताब्यात देऊ नका. विमानाच्या दारापर्यंत बसून जा आणि टॅगवर ‘विमानाच्या दारात परत’ अशी नोंद करून घ्या. मध्ये विमान बदलायचं असेल तर हे आणखी महत्त्वाचं, नाहीतर खुर्ची थेट शेवटच्या मुक्कामाला जाते आणि मधले चार तास तुम्ही पुन्हा त्या ढकलखुर्चीत. उशी, पायाच्या पट्ट्या, जे जे सुटं होतं ते काढून केबिनमध्ये न्या.

मोडतोडीचा धोका खराच आहे. आंतरराष्ट्रीय प्रवासात १९९९ चा मॉन्ट्रियल करार लागू होतो तिथे व्हीलचेअरही सामानातच मोजली जाते आणि भरपाईला कमाल मर्यादा असते. २८ डिसेंबर २०२४ पासून ती १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक) आहे, म्हणजे ढोबळमानाने २,००० डॉलर. हलकी साधी खुर्ची या रकमेत बसते. महागडी बॅटरीची खुर्ची कित्येकदा बसत नाही. तेव्हा चेक-इनलाच जास्त किमतीचं विशेष घोषणापत्र द्यावं लागतं, त्याला शुल्क पडू शकतं. लेखी तक्रारीला ७ दिवसांची मुदत आहे, पण विमानतळ सोडण्याआधीच फोटो काढून तक्रार नोंदवलेली बरी.

या खुर्चीचा खरा फायदा रस्त्यावर कळतो. पॅरिसच्या मेट्रोत पूर्णपणे पायऱ्यांविना वापरता येते ती १४ क्रमांकाची मार्गिका. लंडनच्या भुयारी रेल्वेची २७२ स्थानकं, त्यांतली साधारण एक तृतीयांश पायऱ्यांविना. जो उभाच राहू शकत नाही त्याला उरलेला नकाशा बंद. तुम्ही मात्र कठड्याला धरून दहा पायऱ्या उतरू शकत असाल आणि सोबतचा माणूस १२ किलो उचलू शकत असेल, तर तुमच्यासाठी त्यातली बरीच स्थानकं उघडतात. हे गणित २५ किलोंच्या खुर्चीने जमत नाही.

दगडी फरसबंदीवर मात्र हाल होतात. पुढची चाकं लहान असली तर फटीत अडकतात आणि माणूस तोंडघशी पडतो. पुढची चाकं जरा मोठी आणि टायर भरीव असतील असं बघा. पंक्चरची कटकटही जाते.

तिथे जाऊन भाड्याने

एकाच शहरात मुक्काम असेल तर उत्तम. खुर्ची हॉटेलवर येते, परतीला तिथूनच नेतात, विमानातल्या मोडतोडीची चिंता नाही. आधी बुक करा आणि बैठकीची रुंदी सेंटिमीटरमध्ये कळवा. ढगळ खुर्चीत चाकांपर्यंत हात नीट पोचत नाहीत आणि खांदे भरून येतात. तीन-चार शहरं फिरणार असाल तर हा पर्याय विसरा. दर ठिकाणी नवी खुर्ची, नवे ब्रेक, नवी डिपॉझिटची हुज्जत.

फक्त संग्रहालयांपुरतीच गरज असेल तर भाडंही कशाला? लूव्र, व्हॅटिकनची संग्रहालयं, ब्रिटिश म्युझियम इथे आत वापरायला खुर्ची मोफत मिळते. अनेक ठिकाणी ओळखपत्र ठेवून घेतात, म्हणून पासपोर्टशिवाय दुसरं एखादं जवळ असू द्या.

बॅटरीवाली

हात-खांदे अशक्त असतील, ढकलून पाच मिनिटांत दम लागत असेल किंवा एकटेच निघाला असाल, तर हिला पर्याय नाही. लिस्बनसारख्या चढउतारांच्या शहरात हाताची खुर्ची म्हणजे व्यायामशाळाच.

अडचण बॅटरीची. काढता येण्याजोगी लिथियम बॅटरी विमानात ३०० वॅट-तासांपर्यंतचीच चालते आणि ती काढून केबिनमध्ये न्यावी लागते. जादा म्हणून ३०० पर्यंतची एक किंवा १६० पर्यंतच्या दोन. हिशोब सोपा आहे: व्होल्ट गुणिले ॲम्पिअर-तास. २४ व्होल्ट, १० ॲम्पिअर-तास म्हणजे २४०, चालेल. २४ गुणिले २० म्हणजे ४८०, नाही चालणार. बॅटरी न काढता येणाऱ्या खुर्च्यांचे नियम वेगळे. खरेदीच्या वेळी ‘विमानात चालते’ असं विक्रेता सांगेलच. तुम्ही बॅटरीवरचा आकडा वाचा. विमान कंपनीची मंजुरी आधी लेखी घ्या, आणि तिकिटात दोन कंपन्या असतील तर दोघींची.

वजन साधारण २०-३० किलो. टॅक्सीच्या डिकीत कोण चढवणार, हे निघण्याआधी ठरलेलं हवं.

चाकांचा वॉकर, म्हणजे रोलेटर, हाही काहींच्या मनात असतो. ६-८ किलोंचा, बसायला पाट. थोड्या अंतरानंतर टेकायला मिळालं की पुन्हा चालू शकत असाल तर पुरेसा आहे. पण पाय थकल्यावर त्यावरच बसवून ढकलत नेणं धोक्याचं; तो उलटतो.

पर्याय कोणताही असो

खुर्चीतून उठून उभे राहिलात की लोक बघतात, क्वचित सुरक्षा तपासणीतला कर्मचारीही शंका घेतो. चालण्याची मर्यादा स्पष्ट लिहिलेलं डॉक्टरांचं इंग्रजी पत्र जवळ असलं की वाद लांबत नाही. २०१६ मध्ये गॅटविक विमानतळावर सुरू झालेली, न दिसणाऱ्या अपंगत्वाची खूण असलेली सूर्यफुलांची हिरवी गळपट्टी आता अनेक देशांतल्या विमानतळांवर ओळखतात. ती घातल्याने आपोआप मदत येत नाही, ती वेगळी मागावीच लागते. पण न दिसणारा त्रास दर वेळी तोंडाने सांगावा लागत नाही.

हॉटेल ठरवताना ‘अपंगस्नेही खोली’ या शब्दावर जाऊ नका, बाथरूमच्या दाराची रुंदी विचारा. खुर्ची साधारण ६०-६५ सेंटिमीटर रुंद असते. दार अरुंद निघालं तरी तुम्ही उठून आत जाल, हे खरं. पण रात्री दोन वाजता, दिवसभर फिरून आल्यावर ते जमेल का, तेवढं स्वतःला विचारून मगच खोलीचे पैसे भरा.