बारा हजारांचा सर्च, पंचवीस रुपयांचं चलन

दोन गुंठ्यांचा एनए (बिगरशेती) प्लॉट घेत होतो. सातबारा कोरा, इतर हक्कांत एक ओळ नाही. एजंट म्हणाला, "सर्च आपलाच माणूस घेतो, बँकांची कामंही तोच करतो." सर्च म्हणजे जुन्या नोंदणीकृत दस्तांतून मालकीचा शोध. त्या सर्चवाल्याला 12,000 रुपये दिले, वर जाहीर नोटिशीचे 4,500. रिपोर्ट आला: 1995 ते 2024, मालकी "निर्वेध, बोजारहित व विक्रीयोग्य". त्या भरवशावर मालकाला 4,00,000 रुपये इसार आरटीजीएस केला.

कर्जाची फाईल गेली आणि बँकेच्या पॅनेल वकिलाने याच प्लॉटचं 2019 चं नोंदणीकृत साठेखत, म्हणजे दुसऱ्या कुणाशी झालेला विक्रीचा करार, समोर ठेवलं. रद्द न झालेलं. पुण्याजवळच्या हवेली तालुक्यात दुय्यम निबंधकांची वीसहून जास्त कार्यालयं, दस्त त्यातल्या कुठेही नोंदवता येतो. या सर्चवाल्या पठ्ठ्याने किती बघितली असतील देव जाणे. आणि साठेखताचा फेरफार होत नाही, म्हणजे ते सातबाऱ्यावर चढत नाही, त्यामुळे कोऱ्या सातबाऱ्यावर हुरळून जाऊ नका.

रिपोर्टच्या मागे ग्रासचं (सरकारी फी ऑनलाइन भरल्याचं) चलन टाचलं होतं. झेरॉक्स इतकी फिकट की जीआरएन (चलनाचा नंबर) अर्धाच दिसतो, पण रकमेचा रकाना स्वच्छ: 25. शोध शुल्क वर्षाला 25 रुपये, तीस वर्षांचे 750 हवेत. म्हणजे शुल्क एका वर्षाचं, उरलेली एकोणतीस वर्षं घरी बसून लिहिलेली! तो आकडा मी पाहिला होता. डोळ्यांनी पाहिला होता! वाटलं, अर्जाची फी असेल. नोकरी करणाऱ्या माणसाला हे कोण शिकवतं?

खाली नेहमीची पळवाट होतीच: "काही सूची 2 फाटलेल्या अथवा अनुपलब्ध." सूची 2 म्हणजे नोंदवलेल्या दस्तांची मिळकतीनुसार यादी. कुठल्या कार्यालयातली, कुठल्या वर्षाची, ते लिहून घ्या. लिहीत नसेल तर पैसे देऊ नका.

चौकीत फसवणुकीचं कलम 318 लावा म्हटलं तर साहेब मान वर न करता म्हणाले, "हे दिवाणी आहे, कोर्टात जा." निबंधक कार्यालयात उत्तर मिळालं, आम्ही दस्त नोंदवतो, मालकी तपासत नाही. वकिलांच्या संघटनेकडे गेलो तर तो वकीलच नाही, शिक्का फक्त "लीगल कन्सल्टंट"चा. नोंदणी कायद्याच्या कलम 57 नुसार फी भरून सूची कुणीही पाहू शकतो, ते ठीकच. पण पाहून रिपोर्ट विकणाऱ्याकडे कुणी ना परवाना मागत, ना परीक्षा, ना अनामत. सलूनवाल्यालासुद्धा दुकानाची माहिती सरकारला द्यावी लागते हो! मग तक्रार करायची कुणाकडे? प्रत्येक खिडकी पुढच्या खिडकीकडे बोट दाखवते आणि पाचला बंद होते.

एजंटने सुचवलेला सर्चवाला घेऊच नका, त्याचं पोट सौदा होण्यावर आहे. अलीकडच्या वर्षांच्या सूची 2 नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर स्वतः बघा, साइट चालू असेल तेव्हा. इसार त्यानंतर.

मालक आता म्हणतो, मुदतीत खरेदीखत तुम्ही केलं नाही, इसार जप्त. सर्चवाल्याने 12,000 तले 5,000 परत देऊ केलेत, "तक्रार नाही" असं स्टॅम्पवर लिहून दिलं तर. स्टॅम्प मी आणायचा.