रात्रीच्या जेवणाला सॅलड: मटकी, छोले, ज्वारी की अंडी-पनीर?

काकडी, टोमॅटो, कांदा, वर लिंबू आणि मिरपूड. हे वाडगंभर खाल्लं तरी रात्री साडेदहाला पोटात कावळे ओरडायला लागतात आणि हात चिवड्याच्या डब्याकडे जातो. मग घरातलं कुणीतरी म्हणतंच, "सॅलडनं कुठं पोट भरतं का!" काकडीत ९५ टक्के पाणी असतं, टोमॅटोत जवळपास तेवढंच. तेव्हा तक्रार खरी आहे.

आमच्याकडे गेली काही वर्षं आठवड्यातून तीन रात्री तरी सॅलड असतं. पोळीभाजीसोबत नव्हे, पोळीभाजीऐवजी. एवढ्या दिवसांत एक गोष्ट पक्की कळली. भाज्या बाजारात ज्या चांगल्या मिळतील त्या घ्याव्यात, त्यावर फार डोकं लावू नये. ठरवायचं असतं ते हे, की त्या भाज्या कशावर बसवायच्या. पोट धरणाऱ्या त्या जिन्नसाला मी सॅलडची बैठक म्हणते. माझं माप साधं आहे: दोन माणसांना चार वाट्या चिरलेल्या भाज्या, दोन वाट्या बैठक आणि मूठभर काहीतरी कुरकुरीत.

बैठकीला चार पर्याय मी आलटून पालटून वापरते. चवीत फरक आहेच, पण निवड करताना त्याहून महत्त्वाचं असतं ते म्हणजे तयारी कधी करावी लागते आणि केलेलं किती टिकतं.

मोडाची मटकी

चवीच्या बाबतीत माझं पहिलं मत मटकीला. रात्री भिजत घातली, सकाळी उपसून फडक्यात बांधली, की उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत मोड डोकावतात. थंडीत दीड दिवसही लागतो. तेव्हा पुरचुंडी डब्यात घालून ओट्याच्या उबदार कोपऱ्यात ठेवावी. पाव इंच मोड पुरेत. उसळीसाठी लांब मोड चालतात, सॅलडमध्ये ते एकमेकांत गुंततात आणि दाणा सुटा लागत नाही.

कच्ची घालावी की वाफवून? कच्ची मटकी चुरचुरीत लागते हे मान्य, तरी मी नेहमी वाफवते. ज्या ऊब-ओलीत मोड येतात, त्याच ऊब-ओलीत जंतूही वाढतात. २०११ मध्ये जर्मनीत मेथीच्या मोडांतून ई. कोलायची मोठी साथ पसरली होती आणि तिच्यात पन्नासहून अधिक माणसं दगावली. चाळणीत झाकण ठेवून पाच-सहा मिनिटं वाफ दिली की काम होतं. दाणा बोटांत धरून दाबावा. तो दबला पाहिजे, फुटता कामा नये. मग लगेच ताटात पसरायची, कारण ढीग तसाच ठेवला तर मटकी आपल्याच वाफेत शिजत राहते आणि तिची उसळ होते.

हिच्यात काकडी, बारीक कांदा, बिया काढलेला टोमॅटो, ओलं खोबरं, भरपूर कोथिंबीर घालावी. चैत्र-वैशाखात वर किसलेली कैरी असली तर लिंबाची गरज नाही. हिंग, जिरं, कढीपत्ता आणि हिरव्या मिरचीची फोडणी गरम असतानाच ओतायची. पन्नास ग्रॅम कोरड्या मटकीत अकरा ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात. एवढी मटकी मोड येऊन एका माणसाला सहज पुरते, त्यात मूठभर दाणे पडले की जेवण पुरं होतं.

अडचण वेळेची. मटकीचं सॅलड आज मनात आलं तर उद्या रात्री खायला मिळतं. शिवाय एकदा कालवलेलं दुसऱ्या दिवशी चिकट होतं आणि आंबूस लागतं. म्हणून मटकी जेवढी लागेल तेवढीच घ्यावी आणि उरवू नये. मूग याहून लवकर मोड धरतात, पण वाफेला जरा जास्त थांबलात की मऊ पडतात. घाईच्या दिवशी माझा त्यांच्यावर भरवसा नसतो.

छोले

एकच पर्याय सांगा असं कुणी विचारलं, तर चव मटकीची आवडत असूनही मी छोल्यांचं नाव घेते. कारण रविवारी एकदाच खटपट करायची आणि आठवडाभर निश्चिंत राहायचं. माणशी अर्धी वाटी कोरडे छोले धरावेत. शिजून ते दुपटीहून जास्त होतात आणि त्यातून पंधराच्या आसपास ग्रॅम प्रथिनं मिळतात. रात्रभर भिजवताना पाण्यात चमचाभर मीठ घालावं, म्हणजे सालं मऊ होतात आणि दाणा अख्खा राहतो. सोड्यानं छोले लवकर शिजतात खरे, पण त्यांचा पिठूळ गोळा होतो. तो भाजीला चालेल, सॅलडला नाही. कुकरला पाच-सहा शिट्ट्या, मग वाफ आपोआप जाऊ द्यायची. निथळून वाटी-वाटीच्या डब्यांत भरून फ्रीझरमध्ये टाकले की रात्री आठला घरी आल्यावर एक डबा उकळत्या पाण्यात सोडायचा. पाच मिनिटांत बैठक तयार.

छोले गरम असतानाच त्यांना मीठ, लिंबाचा रस, जिरेपूड आणि तेल चोळून ठेवायचं. ही युक्ती मला फार उशिरा कळली. गरम दाणा चव आत ओढून घेतो. गार छोल्यांवर हेच सगळं घातलं तर ते बाहेरच राहतं आणि आतला दाणा सपक लागतो.

भाज्यांचं म्हणाल तर छोल्यांना काहीही चालतं. ढोबळी मिरची, गाजर, कोबी, पातीचा कांदा. माझ्या घरी सर्वांत जास्त संपतं ते भाजलेल्या वांग्याचं. भरताचं वांगं गॅसवर भाजून सोलायचं, ठेचण्याऐवजी त्याचे मोठे तुकडे करायचे आणि छोले, कांदा, टोमॅटो, कोथिंबीर यांच्यात हलक्या हातानं मिसळायचे. धुराच्या त्या वासानं सॅलडला जेवणाचा भारदस्तपणा येतो आणि नाक मुरडणारी माणसंही दुसऱ्यांदा वाढून घेतात.

छोल्यांऐवजी राजमा घेणार असाल तर तो पुरता शिजला आहे ना ते पाहा. अर्धकच्च्या राजम्यातल्या लेक्टिनमुळे उलट्या-जुलाब होतात. छोले काय, राजमा काय, ज्यांना रात्री कडधान्यानं पोट फुगतं त्यांनी बैठक निम्मी करून उरलेली जागा पुढच्या पर्यायानं भरावी.

दलिया, ज्वारी, भात

धान्याचं सॅलड ऑफिसच्या डब्यासाठी सगळ्यांत सरस. चार-पाच तासांनीही ते बसत नाही, उलट मुरून चांगलं लागतं. अरबी पाककृतीतल्या ताबुलेत बुलगुर असतो आणि पुष्कळजण त्याच्या जागी आपला दलिया नुसता भिजवून घालतात. तिथे फसगत होते. बुलगुर हा आधी उकडून, वाळवून मग भरडलेला गहू, म्हणून तो गरम पाण्यात फुलतो. आपला लापशीचा दलिया कच्च्या गव्हाचा. तो कोरडा भाजून, दुप्पट पाण्यात शिजवून, पसरून गार करावाच लागतो.

अख्ख्या ज्वारीला मेहनत जास्त. रात्रभर भिजवायची, सहा-सात शिट्ट्या करून पुन्हा मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं ठेवायची. तरीही ती दाताखाली चिवट राहते, आणि मला तेच आवडतं. चावावं लागतं, त्यामुळे जेवण पाच मिनिटांत संपत नाही. थंडीत हुरडा मिळाला तर मात्र दुसरं काही बघूच नये. कोवळा हुरडा परतून त्यात गाजर, मुळा, पातीचा कांदा, मटार आणि लसणीची चटणी घातली, तर त्या मोसमात यापुढे बाकीची सगळी सॅलडं फिकी पडतात.

धान्यात प्रथिनं कमी, तेव्हा सोबत घट्ट दही, दाणे किंवा मूठभर छोले हवेतच. उरलेला भातही चालतो, पण तो गार होताच फ्रीजमध्ये गेलेला असावा. दिवसभर ओट्यावर राहिलेला नको. भातातल्या काही जंतूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत आणि उबेत ते पुन्हा वाढतात.

अंडी, पनीर, चिकन

काहीच भिजवलेलं नसेल त्या रात्री अंडी. उकळत्या पाण्यात नऊ मिनिटं, मग थंड पाण्यात. दोन अंड्यांत बारा ग्रॅम प्रथिनं, खर्च कमी, पंधरा मिनिटांत ताट समोर. फ्रान्समधल्या नीस शहराच्या नावानं ओळखलं जाणारं सॅलडही अंडी आणि मासे यांच्यावरच उभं आहे. शाकाहारी घरात हीच जागा पनीरची. शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठरा-वीस ग्रॅम प्रथिनं असतात, पण तेवढंच स्निग्धही, आणि या चारांत शाकाहारी माणसाच्या खिशाला तेच सर्वांत जड. तव्यावर दोन बाजूंनी भाजून मिठाच्या कोमट पाण्यात पाच मिनिटं बुडवलं तर मऊ राहतं. चिकन मुद्दाम सॅलडसाठी शिजवायला मला जमत नाही. आदल्या दिवशीचं भाजलेलं उरलं असेल तर पिंजून घालते.

पाणी आणि पानं

बैठक कुठलीही घ्या, घरचं सॅलड बिघडतं ते एकाच कारणानं: तळाशी साचलेलं पाणी. मीठ लागलं की काकडी-टोमॅटो पाणी सोडतात. खमंग काकडी करताना आपण काकडी चोचवून, मीठ लावून, पिळून घेतो आणि मग दाण्याचं कूट घालतो, ते याचसाठी. कूट उरलेलं पाणी शोषून घेतं. सॅलडलाही तीच रीत लावावी आणि मीठ अगदी पानावर बसताना घालावं. डब्यात न्यायचं असेल तर सगळ्यात खाली लिंबू-तेल, त्यावर छोले किंवा धान्य, मग गाजर-कोबी, आणि वर काकडी.

पानांचा प्रश्न हमखास येतो. लेट्यूस घ्यावा का? महाबळेश्वर-पाचगणीच्या बाजूचा ताजा मिळाला तर जरूर घ्यावा, पण तो फ्रीजमध्ये चार दिवसांत मलूल होतो. कोबी दोन आठवडेही हलत नाही, स्वस्त असतो. अगदी बारीक चिरून, चिमूटभर मीठ लावून हातानं चुरडला आणि दहा मिनिटं ठेवला की त्याचा कच्चटपणा जातो. जेवणाच्या सॅलडला मी कोबीच घेते. पावसाळ्यात तर कच्च्या पालेभाज्या पूर्ण बंद. चिखल आणि किडे धुऊनही राहतात. त्या महिन्यांत मक्याचं कणीस, वाफवलेला लाल भोपळा, फरसबी, भाजलेली ढोबळी मिरची यांच्यावर भागवते.

आता वरून काय घालायचं. विकतच्या बाटल्यांपेक्षा आपल्याकडच्या दोन गोष्टी मला कितीतरी सरस वाटतात. पहिली, फेसलेली मोहरी. मोहरी थोडं पाणी आणि मीठ घालून वाटली की दाणा फुटून तो नाकात जाणारा झणका तयार होतो. उष्णता लागली तर तो येत नाही, म्हणून फोडणीतली मोहरी खमंग लागते पण झणझणीत नाही. अर्धा चमचा फेसलेली मोहरी टांगलेल्या घट्ट दह्यात मिसळली की मेयोनेजची आठवण होत नाही. हीच मोहरी तेल-लिंबात घोटली तर तेल वेगळं होऊन वर तरंगत नाही. छोले आणि अंडी, दोघांनाही ही लागू पडते.

दुसरी, दाण्याचं कूट आणि चिंचेचा कोळ, चवीला गूळ आणि तिखट. इंडोनेशियात गाडो-गाडो नावाचा पदार्थ आहे. वाफवलेल्या भाज्या, उकडलेलं अंडं, टोफू आणि वर शेंगदाण्याचा दाट सॉस. पूर्ण जेवणच असतं ते. आपल्या घरात कूट नेहमीच तयार असतं, त्यामुळे हे करायला दहा मिनिटंही लागत नाहीत, आणि पावसाळ्यातल्या वाफवलेल्या भाज्यांना याच्याइतकं दुसरं काही शोभत नाही.

तर ज्यांना आदल्या दिवशी विचार करायची सवय आहे आणि जे घरीच जेवतात, त्यांनी मटकी धरावी. नोकरीवरून उशिरा येणाऱ्यांनी रविवारी छोले शिजवून फ्रीझर भरावा. डबा नेणाऱ्यांनी दलिया किंवा ज्वारी. अंडी सगळ्यांनीच घरात ठेवावीत, अडल्या वेळेला.

घरात वयस्क माणूस असेल तर मात्र यातलं काहीच जसंच्या तसं चालत नाही. सासूबाईंना कवळी आहे. त्यांच्या वाडग्यात गाजर मी किसून घालते, काकडी चोचवून, कोबी वाफवून, आणि छोले गरम असतानाच वाटीच्या बुडानं दाबून फोडते. वर मोहरीचं दही जरा जास्त. ज्वारी त्यांना चावत नाही, म्हणून त्या दिवशी त्यांच्यासाठी दलिया. सुरुवातीला त्या हे सगळं भातासोबत कालवून घ्यायच्या. आता भात मागत नाहीत, पण अर्धी भाकरी हवी असते, आणि ती मी गरम करून देते.