एमबीए निबंध तपासणी सेवा: पैसे नेमके कशाचे द्यायचे?

एमबीएच्या प्रवेशअर्जासोबत लिहाव्या लागणाऱ्या निबंधांच्या सशुल्क तपासणीत दोन जाती आढळतात: भाषा घासूनपुसून देणारे आणि प्रश्न विचारून भंडावणारे. पैसे द्यायचेच तर दुसऱ्यांना द्या. 'मी टीम सांभाळली' या वाक्याचं व्याकरण कोणीही सुधारेल. विरोध कोणी केला, निर्णय कोणाचा होता, त्यानंतर काय बदललं, हे खोदून विचारणारा तपासनीस विरळा.

हार्वर्डने २०२४ मध्ये एका लांब निबंधाऐवजी तीन छोटे आणले: पहिला ३०० शब्दांचा, उरलेले प्रत्येकी २५०. प्रस्तावनेत ६० शब्द गेले की जवळपास पाव निबंध संपला. इथेच बऱ्याच सेवा घोळ घालतात. शब्दमर्यादेसाठी आकडे आणि प्रसंग उडवतात आणि 'नेतृत्वाची आवड' मात्र जपून ठेवतात! स्टॅनफर्डच्या 'तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचं काय आणि का?' या प्रश्नात 'काय' एका ओळीत उरकतं, खरी जागा 'का'ला हवी. शेरे मात्र बहुतेकदा 'काय'वरच येतात.

म्हणून आधी नमुना शेरे मागा. किमान दोन फेऱ्या हव्यात: पहिली फक्त आशयाची, भाषेची शेवटी. उलट क्रमाने गेलात तर सजवलेला परिच्छेद टाकवत नाही.

'आम्हीच लिहून देऊ' म्हणणाऱ्यांना शून्य गुण. अर्जात लेखन स्वतःचं असल्याची हमी द्यावी लागते, शिवाय मुलाखतीत उसना आवाज पटकन ओळखू येतो.